शार्डवाल्या चेनचे ब्लॉक एक्सप्लोररमध्ये वाचणं : काही महिने वापरून झाल्यावर

मी इंदूरला अकाउंट्सची कामं करते. रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या पोरांनी ईजीएलडी (मल्टिव्हर्सएक्स ह्या ब्लॉकचेनचं नाणं) स्टेक करून, म्हणजे बक्षीस मिळावं म्हणून अडकवून ठेवलेत, त्याचा हिशोबही माझ्याच गळ्यात पडला, म्हणून मल्टिव्हर्सएक्सचा एक्सप्लोरर, म्हणजे चेनवरचे ब्लॉक आणि व्यवहार दाखवणारी वेबसाइट, गेले कित्येक महिने उघडाच असतो. २०२२ पर्यंत ह्या चेनचं नाव एलरॉन्ड होतं, जुन्या नोंदींत तेच सापडेल.

पहिली गोष्ट, नुसत्या ब्लॉक नंबरला इथे काही अर्थ नाही. बिटकॉइनमध्ये नंबर सांगितला की विषय संपला, इथे तीन शार्ड (चेनचे समांतर चालणारे भाग) आणि वर त्यांना जोडणारी मेटाचेन, चौघांची मोजणी आपापली, म्हणजे एकाच नंबरचे चार ब्लॉक. एका एक्सचेंजचा सपोर्टवाला "ब्लॉक नंबर पाठवा, ब्लॉक नंबर पाठवा" करत बसला होता, अहो पण कुठल्या शार्डचा? शेवटी व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा एकमेव ओळख क्रमांक, दिला तेव्हा गाडी पुढे सरकली.

शार्ड म्हणजे बँकेच्या शाखा धरा आणि मेटाचेन म्हणजे हेड ऑफिस, ते शाखांच्या ब्लॉकवर शिक्का मारतं. पाठवणारा आणि घेणारा वेगवेगळ्या शार्डात असले तर आधी पाठवणाऱ्याकडे रक्कम आणि फी कापली जाते, मग मेटाचेनवर त्या ब्लॉकची नोंद होते आणि त्यानंतर पलीकडे जमा होतं, तोवर पेंडिंग दिसतं आणि लगेच फोन येतो, "ताई, पैसे गेले कुठे?" कुठेच नाही गेले रे, दोन मिनिटं थांब. ब्लॉकच्या पानावर मिनीब्लॉक दिसतात ते ह्याच व्यवहारांचे गठ्ठे, एका शार्डातून एका ठरावीक शार्डात जाणारे.

स्टेकिंगचे कॉन्ट्रॅक्ट (चेनवर आपोआप चालणारे प्रोग्राम) मात्र खुद्द मेटाचेनवर असतात, म्हणून रिवॉर्ड क्लेम केला की तो मेटाचेनकडून आलेला दिसतो. एपीआयमधून (प्रोग्रामने थेट डेटा मागायची सोय) डेटा काढला तर शार्डच्या रकान्यात ४२९४९६७२९५ येतं, एक्सेल बिघडलं असं वाटतं, पण तो मेटाचेनचाच नंबर आहे.

खात्याचा पत्ता कुठल्या शार्डात पडणार ते त्याच्यामागच्या मूळ बायनरी आकड्याच्या शेवटच्या दोन बिटांवर (० किंवा १) ठरतं. चार शक्यता आणि शार्ड तीन, म्हणून उरलेली चौथी शक्यता शार्ड १ कडे जाते आणि निम्मे पत्ते तिथेच. नुसतं बघून ओळखता येत नाही हं, erd1 ने सुरू होणाऱ्या पत्त्याची शेवटची अक्षरं चेकसमची, म्हणजे लिहिण्यातली चूक पकडण्यासाठीची असतात, एक्सप्लोररलाच विचारायचं.

रिकामे ब्लॉक दिसले तर घाबरू नका, व्यवहार नसला तरी ब्लॉक बनतोच. राउंडचा (ब्लॉक बनवायला ठरलेला वेळेचा टप्पा) आकडा ब्लॉक नंबरच्या पुढे असतो कारण एखाद्या राउंडात ब्लॉक बनलाच नाही तरी राउंड मोजला जातो.

आमच्या कामात सगळ्यात महत्त्वाची वेळ. व्यवहाराच्या पानावर ती यूटीसीत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे ३१ मार्चला संध्याकाळी ६:३० नंतरचं जे दिसेल ते आपल्याकडे १ एप्रिल, नवीन आर्थिक वर्ष. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, तेव्हा मी शीटमध्ये शार्ड, हॅश आणि भारतीय वेळ असे तीन रकाने आधीच करून ठेवते.