पावशा की चातक?

पावशा आणि चातक हे दोन्ही कोकीळ कुळातले पक्षी. शिवाय दोघांचेही नाते लोकांनी पावसाशी जोडलेले असल्यामुळे, मे महिन्याच्या अखेरीस नोंदवहीत नेमके कोणते नाव लिहावे, असा प्रश्न कोल्हापूर परिसरातील नव्या पक्षिनिरीक्षकाला हमखास पडतो. माझ्या मते पावशा कानाने ओळखावा आणि चातक डोळ्यांनी.

राधानगरी, पन्हाळ्याकडे भाताच्या धूळवाफ पेरण्या (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या) सुरू असतात त्या सुमारास पावशाचे ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येते. प्रत्येक आवर्तनाबरोबर सूर चढत जातो, टिपेला पोहोचतो आणि एकदम तुटतो. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा खालच्या पट्टीतून सुरुवात होते. ढगाळ दिवसांत आणि चांदण्या रात्रीही हा क्रम चालूच राहतो (झोपमोड झालेल्यांचे मत अर्थातच वेगळे असेल). चातकाची ‘पिऊ, पिऊ’ ही हाक खणखणीत असली, तरी तिच्यात अशी चढण नसते.

दिसण्यात मात्र चातकाबद्दल शंका उरत नाही. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा आणि उडताना काळ्या पंखावर ठळक दिसणारा पांढरा पट्टा, एवढे पुरे आहे. तो दाट जंगलापेक्षा खुरटी झुडपे असलेली मोकळी जागा पसंत करतो. पावशा राखाडी असून शेपटीवर आडवे पट्टे असतात आणि डोळ्याभोवती पिवळे कडे असते. तो आमराईत, दाट पानांत बसतो. त्याची गल्लत चातकापेक्षा शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याशीच अधिक होते, कारण उडण्याची ढब आणि बसल्यावर शेपटी हलवण्याची लकबही तशीच असते. अशा वेळी चोच पाहावी: शिक्र्याची चोच आखूड व आकड्यासारखी असते, तर पावशाची सडपातळ आणि किंचित बाकदार.

खरी कसोटी पिल्लांच्या बाबतीत लागते. दोन्ही जाती सातभाई या थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात निळी अंडी घालतात, त्यामुळे पावसाळ्यात एखादे मोठे पिल्लू सातभाईंकडे चारा मागताना दिसले, तर पालकांवरून काहीच ठरवता येत नाही. पिल्लाच्या छातीवर व पोटावर गडद ठिपके किंवा रेघा आणि शेपटीवर पट्टे असतील, तर ते पावशाचे. पोट बिनरेघांचे, मळकट असेल आणि तपकिरी पंखावर पांढरा पट्टा दिसत असेल, तर ते चातकाचे. तुरा आखूड दिसला म्हणून चातक नाकारू नये.

महिन्याचाही आधार घ्यावा. आपल्याकडचे बहुतेक चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतात आणि पाऊस सरल्यावर परततात. पावशा वर्षभर येथेच असतो, फक्त हिवाळ्यात गप्प असतो. म्हणून डिसेंबरात त्याचा आवाज नाही, एवढ्यावरून तो गेला अशी नोंद करू नये.