चार मीटरच्या आत की बाहेर? गोव्यातील कुटुंबासाठी नेक्सॉन, क्रेटा आणि ग्रँड विटारा

डिचोली, फोंडा किंवा पेडण्यातील एखादे कुटुंब जुनी हॅचबॅक देऊन एसयूव्ही घ्यायचे ठरवते, तेव्हा घरातील चर्चा बहुधा मोठ्या स्क्रीनपाशी आणि सनरूफपाशी येऊन थांबते. माझ्या मते ती लांबीपासून सुरू व्हायला हवी, कारण कर, मागच्या आसनावरील जागा आणि अंगणात गाडी वळवण्याची सोय या तिन्ही गोष्टी आधी चार मीटरच्या मर्यादेवर ठरतात. म्हणूनच या आढाव्यासाठी मर्यादेच्या आतील टाटा नेक्सॉन आणि मर्यादेबाहेरील ह्युंदाई क्रेटा व मारुती सुझुकी ग्रँड विटारा अशा तीन गाड्या निवडल्या आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार चार मीटरपेक्षा जास्त लांबी नसलेल्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाडीवर १८ टक्के कर लागतो, तर त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर असून तिची दोन्ही इंजिने या अटीत बसतात. क्रेटा ४३३० आणि ग्रँड विटारा ४३४५ मिलिमीटर लांब असल्याने त्या वरच्या दरात जातात. केवळ लांबी पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. मारुतीची ब्रेझाही ३९९५ मिलिमीटरच आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे तिलाही ४० टक्केच कर लागतो.

आता रुंदीकडे पाहू, कारण गोव्यातील वाड्यावाड्यांवरच्या रस्त्यांवर खरी अडचण तिचीच असते. छोटी एसयूव्ही अरुंद असेल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात आरसे सोडून नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलिमीटर आहे, क्रेटाची १७९० आणि ग्रँड विटाराची १७९५. कराची अट फक्त लांबीला असल्याने कंपन्यांनी आतील जागा रुंदीतून मिळवली आहे. त्यामुळे चिऱ्याच्या दोन खांबांमधले तुमचे फाटक ग्रँड विटाराला कमी पडत असेल, तर ते नेक्सॉनलाही कमीच पडेल. फरक पडतो तो वळताना. क्रेटाच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २६१० मिलिमीटर आहे आणि नेक्सॉनचे २४९८, म्हणजे अकरा सेंटिमीटर कमी. गल्लीतून काटकोनात वळून अंगणात शिरायचे असेल, तर एकूण लांबीतील तेहतीस सेंटिमीटर आणि हे अकरा सेंटिमीटर मिळून गाडी एका फटक्यात आत जाणार की तीनदा मागेपुढे करावी लागणार, हे ठरवतात. म्हणून चाचणीची फेरी महामार्गावर न करता गाडी थेट स्वतःच्या घरी आणावी, असा माझा आग्रह असतो.

मागच्या आसनावर हेच अकरा सेंटिमीटर उलट बाजूने उपयोगी पडतात. आजी-आजोबा आणि एक मोठे मूल मागे बसून कोल्हापूरला किंवा पंढरपूरला निघणार असेल, तर क्रेटा आणि ग्रँड विटारा नेक्सॉनपेक्षा स्पष्टपणे सुखावह आहेत. सामानाच्या जागेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची आहे आणि नेक्सॉनची ३८२. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या प्रकारात, बॅटरी मागे बसवलेली असल्याने तिथे २६५ लिटरच उरतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान, नारळ आणि सर्वांचे कपडे घेऊन मूळ घरी जाणाऱ्या कुटुंबाने ही डिकी आधी स्वतः उघडून पाहावी.

त्या हायब्रिडची जमेची बाजूही तितकीच ठळक आहे. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात आकडा कमी भरेल, परंतु पणजीतील किंवा म्हापशातील संथ वाहतुकीत, जिथे साधे पेट्रोल इंजिन सर्वाधिक इंधन जाळते, तिथेच ही गाडी बराच वेळ विजेवर चालते. महामार्गावर एका वेगाने धावताना हा फायदा घटतो.

डिझेलचा विचार करणाऱ्यांनी रोजचे अंतर आधी मोजावे. आजच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) डिझेल गाड्यांमधील काजळी अडवणारी गाळणी स्वच्छ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगाने चालावी लागते. घर, शाळा आणि बाजार एवढ्याच फेऱ्या असतील, तर ती गाळणी तुंबून दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. याउलट दर आठवड्याला चोर्ला किंवा अनमोड घाट चढणाऱ्याला डिझेलइतके सोयीचे दुसरे काही नाही. क्रेटाचे डिझेल २५० न्यूटन मीटरचा जोर देते आणि नेक्सॉनचे २६०. पेट्रोलमध्ये नेक्सॉनचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन १७० न्यूटन मीटर देते, तर क्रेटाचे साधे १.५ लिटरचे इंजिन सुमारे १४४. भरल्या गाडीने चढ चढताना हा फरक जाणवतो, जरी चार सिलिंडरचे क्रेटाचे इंजिन तीन सिलिंडरच्या नेक्सॉनपेक्षा अधिक शांत असले तरी.

जमिनीपासूनची उंची नेक्सॉनला २०८, ग्रँड विटाराला २१० आणि क्रेटाला १९० मिलिमीटर आहे. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार तीव्र होतो, तिथे हे दोन सेंटिमीटर कामी येतात. उंची म्हणजे पकड मात्र नव्हे. नेक्सॉन आणि क्रेटा या दोन्ही गाड्यांना फक्त पुढची चाके ओढतात, त्यामुळे पावसात कुळागराकडे (सुपारी-नारळाच्या बागेकडे) जाणाऱ्या तांबड्या चिखलाच्या वाटेवर त्या साध्या हॅचबॅकप्रमाणेच घसरतात. चारही चाकांना जोर देणारा प्रकार या तिघींत ग्रँड विटारालाच मिळतो, पण स्ट्राँग हायब्रिडसोबत नाही.

सहा एअरबॅग तिन्ही गाड्यांत सर्व प्रकारांना आहेत आणि नेक्सॉनला भारत एनकॅप या धडक-चाचणीत पाच तारे मिळालेले आहेत. सनरूफचा मोह होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहणार असेल, तर सनरूफच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी पानांनी तुंबतात आणि पाणी आत झिरपते. विम्यात इंजिन संरक्षणाचे जोडकलम अवश्य घ्यावे, कारण पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही.

रोज फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मी पेट्रोल नेक्सॉन सुचवीन आणि करात वाचलेल्या पैशांतून वरचा प्रकार घ्यायला सांगेन. गाडी दिवसभर शहरातच फिरणार आणि डिकीची गरज कमी असेल, तर हायब्रिड ग्रँड विटाराची जादा किंमत काही वर्षांत इंधनातून वसूल होऊ शकते. पाच माणसांनी महिन्यातून दोनदा घाट ओलांडणाऱ्या घरासाठी क्रेटा डिझेल योग्य आहे, मात्र अंगणात शिरतानाचे वळण आधी गाडी आणून पाहिलेले असावे.