नानाच्या पसंतीचं भरीत

जळगावहून यावलकडे निघालात की रस्त्याला भरिताची दुकानं लागतात. मी लिहितोय त्या दुकानाला धड पाटी नाही. बाहेर वांग्यांचा ढीग, बाजूला तुराट्या-पऱ्हाट्यांचा भारा आणि धूर दिसला की गाडी लावायची.

हे दुकान नानाने शोधलं. नाना म्हणजे माझा दोस्त, अमळनेरकडचा. आमचं दोघांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार पोचवायला गेला की पैसे राहू द्या म्हणायचा, पण वांगी घेतल्याशिवाय यायचा नाही. मागच्या पोळ्याच्या सुमारास हार्टने गेला. भरितातलं मला जे काही कळतं ते त्याच्यामुळे, म्हणून हा रिव्ह्यू अर्धा त्याचा समजा.

वांगं तो हातात तोलून घ्यायचा. दिसायला मोठं, हाताला हलकं. जड वांग्यात बी निघतं म्हणायचा. इथे बामणोदकडची वांगी येतात, फिकट हिरवी, लांबट, बी नावालाच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या माणसाने दुकानात पेढे वाटले होते, स्वतःची एक गुंठा जमीन नसताना!

आता मुख्य मुद्दा. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत टाकतात. मिरच्या-लसूण आधीच ठेचलेला असतो. मग मुसळाने ठेचणं, तेही बेताने. वांग्याचे धागे राहिले पाहिजेत, लगदा झाला की गेलं. वरून फोडणी, त्यात शेंगदाणे, मग कांद्याची पात, कोथिंबीर. तेल सढळ असतं, डाएटवाल्यांनी बघून घ्यावं. टोमॅटो नाही. पुण्यात एका हॉटेलात आम्हाला टोमॅटोच्या ग्रेव्हीतलं भरीत वाढलं होतं. नानाने वेटरला अहिराणीत विचारलं, "हाई भरीत शे का भाजी?" त्या पोराने 'भाजी' तेवढं ऐकलं आणि मिक्स व्हेज आणून ठेवली. नानाने तीही संपवली, वाद घातला तो बिलाच्या वेळी.

सोबत कळण्याची पुरी घ्या. ज्वारी-उडदाचं पीठ, जरा भरड, गरम असेपर्यंतच मजा. भाकरीही मिळते, पण पुरीच घ्या. कढी पातळ असते, तिच्या नादी लागू नका. बाकं डुगडुगतात आणि धूर सरळ तोंडावर येतो.

या हिवाळ्यात एकटाच गेलो. मालकाने नानाबद्दल विचारलं, मी सांगितलं. म्हटलं, त्याची उधारी राहिली असेल तर सांगा, तो पार्सल न्यायचा आणि पैसे विसरायचा. मालक म्हणाला, "उलटं आहे भाऊ. बोअरची मोटार भरून दिली होती त्यांनी, पैसे घेतलेच नाहीत. अजून तीच चालतेय." वही दोघांनीही काढली नाही. त्याने दोन किलो वांगी पिशवीत घातली. मी लगेच तोलून बघायला लागलो, तर तो हसला, "तुम्ही पण?"

जायचं असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. उन्हाळ्यात वांगी मिळतात पण ती चव नसते. चंपाषष्ठीला जाऊ नका. त्या दिवशी अख्ख्या खान्देशाला भरीत हवं असतं, तासभर उभं राहावं लागतं. रात्री उशिरा गेलात तर पुऱ्या संपलेल्या असतात. पाचपैकी चार तारे. एक कढीसाठी कापलाय, नानाने दोन कापले असते. पार्सल न्यायचं तर घरून स्टीलचा डबा न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम भरिताला पाणी सुटतं.