स्पिटफायर 1500 चा क्लच किट: प्लेट मस्त, बेअरिंग मात्र दुसरं घ्या

आधी निकाल सांगून टाकतो, 5 पैकी साडेतीन स्टार. ट्रायम्फ स्पिटफायर 1500 या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठीचा हा थ्री पीस किट, म्हणजे प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) आणि वर प्लेट मधोमध बसवायचा प्लॅस्टिकचा टूल फुकट. किंमत शंभर पौंडांच्या आसपास. दोन गोष्टी चांगल्या निघाल्या, तिसरी मी गाडीत बसवलीच नाही, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो, ही गाडी इथलीच, कॅनलीच्या कारखान्यातली, 1962 ते 1980 बनली. आपल्याकडच्या लोकांना ओळख पटवायची तर मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड आठवा, कुणाच्या तरी काकांकडे किंवा मामांकडे असायचीच. स्पिटफायरची चासी त्याच हेराल्डवरून आखूड करून काढलेली, आणि पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं तेही तिचंच. इंजिनाचं काम करताना चाकावर बसून आरामात करता येतं, त्यामुळे घरी काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीची जुनी स्पोर्ट्स कार मला तरी माहीत नाही.

क्लच बदलायची वेळ आली हे कळायला काही विद्या लागत नाही, चौथ्या गिअरला चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी आहे तिथेच, वर करपट वास. गॅरेजवाले नुसत्या मजुरीचेच काही शे पौंड घेतात कारण वेळ लागतो, अवघड असं नाही. एमजीबी या त्याच काळातल्या दुसऱ्या स्पोर्ट्स कारला तर क्लचसाठी इंजिनच बाहेर काढावं लागतं. स्पिटफायरला इंजिन जागेवर राहतं आणि गिअरबॉक्स गाडीच्या आतून, म्हणजे दोन सीटच्या मधून काढतात, खोटं वाटेल पण खरं आहे. सीट काढा, कार्पेट काढा, डॅशबोर्डखालचा आधाराचा ब्रॅकेट काढा, मग मधलं टनेलचं कव्हर उचला. मूळ कव्हर दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या मालाचं असतं आणि इतक्या वर्षांत पाणी पिऊन त्याच्या कडा भुसभुशीत झालेल्या असतात, तेव्हा प्लॅस्टिकचं नवं कव्हर किटसोबतच मागवा म्हणजे दुसऱ्यांदा डिलिव्हरीची वाट बघत बसायला नको.

पुढे मग प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, स्टार्टर, गिअर लिव्हर. स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच ढकलणारा) पाइपसकट बाजूला टांगून ठेवला तर ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं, करायची गरज नाही, फक्त घरातल्या पोरांना सांगून ठेवा की क्लचचं पेडल कुणी दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर आणि ब्रेक ऑइल सगळीकडे. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, म्हणजे ‘संप’ला, लाकडाची फळी लावून जॅकचा टेकू हवाच, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे कलंडतं. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कव्हरचे) वरचे बोल्ट आतून सापडतात, खालच्यांसाठी मात्र गाडीखाली झोपावंच लागतं आणि गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. गिअरबॉक्सचं वजन भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं धरा, ओव्हरड्राइव्ह (जास्तीच्या गिअरचा जोड) असेल तर अजून जड, तो मागे ओढून, थोडा फिरवून, वर उचलून दारातून बाहेर. दोन माणसं हवीत, एकट्याने केलं तर कंबर गेली समजा. माझा शेजारी आला होता, त्याला चहा आणि चकल्या, एवढ्यावर काम झालं.

आता किटबद्दल. प्रेशर प्लेट डायफ्राम टाइप, भोकं सगळी जुळली, लोकेटिंग पिनांवर हाताने बसली, घासाघीस करावी लागली नाही. क्लच प्लेट सव्वासात इंची, स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांवर) सरसर सरकते आणि डुगडुगत नाही, लायनिंगही एकसारखं. प्लेटवर फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या मागच्या जड चाकाकडची) बाजू कुठली ते छापलंय, हे छान केलंय कारण उलटी बसली तर सगळं परत उघडावं लागतं. प्लॅस्टिकच्या टूलला लोक नावं ठेवतात पण माझं काम त्याने झालं, फक्त सहा बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, मग टूल आरामात निघतं.

बेअरिंग मात्र नाही. हातात धरून फिरवलं की खरखर लागते, आत ग्रीस आहे की नुसता वास दाखवलाय असं वाटतं. इतर किरकोळ गोष्टींत मी चालवून घेतो पण इथे नाही, कारण हा पार्ट दोनशे रुपयांचा असो की दोन हजारांचा, बदलायला गिअरबॉक्स पुन्हा काढायचाच आहे. मी जुन्या स्टॉकमधलं, डब्यात बंद असलेलं बेअरिंग वेगळं घेतलं. ते स्लीव्हवर दाबून बसवावं लागतं, व्हाइसमध्ये धरून जुन्या बेअरिंगचाच ठोकळा म्हणून वापर करता येतो, हातोडा थेट मारू नका. आणि क्लचच्या फोर्कच्या पिना आणि बुशही बघा, या किटमध्ये येत नाहीत, पण झिजलेले असले तर नवा क्लच टाकूनही पेडल निम्मं खाली जाईपर्यंत काही घडत नाही आणि मग दोष किटला जातो. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातलं पायलट बुशही, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते, बदला, ब्राँझचं असतं, आधी तेलात भिजत ठेवा. फ्लायव्हील काढणार असाल तर मागचं ऑइल सीलही लगेच, गळकं सील ठेवून नव्या प्लेटवर तेल पाडण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट या किटच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात कुठेच नाही आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. या इंजिनात क्रँक मागेपुढे सरकू नये म्हणून अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात, तेही फक्त मागच्या मेन बेअरिंगपाशी. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. फार झिजले की वॉशर सुटून संपमध्ये पडतात, मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि मग शंभर पौंडांचं काम अख्ख्या इंजिनावर जातं. गाडी उघडायच्या आधी कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा, ती डोळ्याला दिसेल इतकी पुढेमागे होत असेल तर आधी संप उघडा, क्लच नंतर. याच कारणाने सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायची सवय लावा, क्लच दाबून उभं राहू नका.

गाडी आता चढावर खेचते, पेडल हलकं, पहिला गिअर घरघर न करता पडतो. किटला दीड स्टार कमी दिला तो बेअरिंगसाठी आणि बुश न देण्यासाठी. 1300 इंजिनवाल्यांनी हा मागवू नका, तुमची प्लेट साडेसहा इंची आहे, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स आधी कुणी बदललाय का ते माहीत नसेल तर जुनी प्लेट हातात येईपर्यंत नवी ऑर्डरच करू नका.