लायपोची पिशवी आणि पत्र्याची पेटी : दहा महिन्यांनंतर

हा छंद माझा नाही, चिरंजीवांचा. नववीत आहे. फोमचं विमान, हातात रिमोट, आणि रविवारी सकाळी गोव्यातल्या डिचोलीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, आमची स्वारी. विमान तो उडवतो, बॅटऱ्यांचं खातं माझ्याकडे. ते माझ्याकडे आलं त्याचं कारण असं, की पहिल्याच आठवड्यात साहेबांनी बॅटरी सोफ्यावर चार्जिंगला लावली आणि आपण अंघोळीला गेले. सोफ्यावर! वर मंगळुरी कौलं, कौलांखाली लाकडी वासे, आजेसासऱ्यांच्या वेळचं घर. त्याच संध्याकाळी मी ‘लायपो सेफ बॅग’ मागवली. लायपो म्हणजे या विमानाची लिथियम-पॉलिमर बॅटरी; ती पेटलीच तर आग आत अडवायची म्हणून ही पिशवी. गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. आता श्रावण चालू आहे. या दहा महिन्यांत त्या पिशवीचं काय झालं, तिच्याबरोबर आणखी काय घ्यावं लागलं, ते लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या या पिशव्या दिसायला तरी सगळ्या एकाच घाण्यातून काढल्यासारख्या आहेत.

आधी थोडं बॅटरीबद्दल. मोबाइलमध्येही लिथियमचीच बॅटरी असते, पण तिच्या बुडाशी एक छोटं संरक्षक सर्किट बसवलेलं असतं. जास्त भरली की ते तोडतं, फार उतरली तरी तोडतं. विमानाच्या लायपोला असलं काही नसतं. मऊ ॲल्युमिनियमच्या पाकिटात सेल, दोन जाड वायरी, एक बारीक बॅलन्सची वायर (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा मोजता यावा म्हणून), वरून गुंडाळलेलं प्लास्टिक, संपलं. राखण करायची ती चार्जरने आणि आपण. आमच्याकडे ३एस, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या तीन सेलचे, २२०० एमएएचचे तीन पॅक होते. ११.१ व्होल्ट गुणिले २.२ म्हणजे साधारण २४ वॉट-तास. आकडा ऐकून काहीच वाटत नाही. मी माझ्या भाषेत हिशेब मांडला: एवढ्या विजेत जवळजवळ ३०० मिली पाणी उकळेल, म्हणजे दोन कप चहा. तळहाताएवढ्या पाकिटातून ही सगळी ऊर्जा मिनिटभरात बाहेर पडली तर काय होईल? शिवाय आतलं इलेक्ट्रोलाइट स्वतः पेट घेणारं, त्याची आग वेगळी.

पिशवी आली. चंदेरी रंग, आत काचेच्या धाग्यांचं कापड, वर झाकण, झाकणाला वेलक्रो. किंमत साडेचारशे. वर मोठ्या अक्षरांत ‘अग्निरोधक, स्फोटरोधक’. पहिले चार महिने मला ती फार आवडली. उचलायला हलकी, तीन पॅक आरामात मावतात, सड्यावर जाताना थेट पाठपिशवीत. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून खटकत होती. चार्जिंगच्या वायरी बाहेर काढायला झाकणाच्या कोपऱ्यात फट ठेवावी लागते. आग आत अडवायची म्हणून पिशवी घ्यायची आणि तिलाच दार ठेवायचं. तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी विमान पडलं. सड्यावर माती कमी, जांभा दगडच जास्त. नाक फुटलं, पॅक बाहेर फेकला गेला आणि दगडावर आपटून कोपरा चेपला. एवढं एक आम्हाला ठाऊक होतं की आपटलेला पॅक लगेच खिशात, पिशवीत किंवा गाडीत टाकायचा नाही. मार बसल्यावर काही वेळानेही तो पेटू शकतो. अर्धा तास उघड्या कातळावर ठेवला, आजूबाजूचं वाळकं गवत पायाने दूर सारलं. त्या दिवसांत सड्यावरचं गवत म्हणजे कोलीतच. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते, ते गोव्यातला कोणी विसरलेला नाही. विमान पडलं त्या दिवसापासून, मार्च ते मे सड्यावर जाताना पाच लिटरचा पाण्याचा कॅन आमच्याबरोबर असतो.

घरी आणून दोन दिवसांनी व्होल्टेज मोजलं. पहिला सेल ३.८६, दुसरा ३.८५, तिसरा ३.६१. इथेच थांबायला हवं होतं. एक सेल बाकीच्यांपेक्षा पाव व्होल्टने खाली बसलाय आणि पॅकला कोपऱ्यावर मार लागलाय, याचा अर्थ सेलच्या आतल्या थरांमधला पडदा कुठेतरी दुखावलाय आणि सेल स्वतःशीच गळतोय. मला ते कळत होतं. पण “आई, एकदा लावून तर बघूया, नवीन पॅकला अठराशे पडतात,” असं लेकरू म्हणालं आणि मी विरघळले.

एक शहाणपण केलं, तेवढ्यावर निभावलं. पॅक पिशवीत घालून अंगणाच्या टोकाला चिऱ्यांच्या कठड्यावर ठेवला. चार्जर तीन हात लांब, एक्स्टेंशनची वायर पडवीपर्यंत. चार्ज १सीने, म्हणजे तासाभरात पॅक भरेल अशा वेगाने, २.२ अँपिअरने. आम्ही दोघं पडवीच्या पायरीवर बसून होतो. चार्जरच्या पडद्यावर दोन सेल ४.१ च्या पुढे गेले तरी तिसरा ३.९ पाशी घुटमळत होता. बंद करायला मी उठले आणि तेवढ्यात आवाज आला. स्फोट नव्हे, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते ना, तसा. पिशवी वर उचलल्यासारखी झाली, फुगली, आणि वायरींच्या त्या फटीतून पांढरा धूर दाबाने बाहेर आला. वास गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. मी पळत जाऊन पडवीतलं बटण बंद केलं. मग त्याच फटीतून वीतभर ज्वाळ बाहेर आली, वेलक्रो वितळला आणि झाकण आपोआप उघडलं.

“कितें गो जळटा थंय?” आतून सासूबाई.

“कांय ना, मांय!” असं मी म्हटलं खरं, पण तोपर्यंत धूर सुपारीच्या शेंड्यांपर्यंत गेला होता.

पोरगा बादली घेऊन धावला, त्याला मी हाताला धरून मागे ओढलं. पाण्याचं वावडं म्हणून नव्हे. ‘लिथियमवर पाणी टाकू नये’ हे शाळेत शिकलेलं वाक्य शुद्ध लिथियम धातूबद्दल आहे. या बॅटऱ्यांत तो धातूच्या रूपात जवळजवळ नसतोच, आणि पाण्याने सेल थंड होतात, जे सर्वांत गरजेचं. त्याला मागे ओढलं ते धुरामुळे. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतो, आणि तो फुप्फुसांना फार वाईट. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, नाहीतर लांब जायचं. पहिला सेल जळून शांत झाल्यासारखा वाटला, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने दुसरा पेटला, मग तिसरा. एकाची उष्णता शेजारच्याला पेटवते. पहिली ज्वाळ विझली म्हणून कोणी जवळ गेलं असतं तर तोंडावरच आलं असतं. पावडरचा छोटा अग्निशामकही या बाबतीत अपुरा. ज्वाळ विझते, पण सेल आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटतो. तिसरा संपल्यावर आम्ही वाऱ्याच्या बाजूने विहिरीचं पाणी ओतलं, एकामागून एक चार कळशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे घालून पिशवी उघडली. काचेचं कापड टिकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यावरचा चंदेरी लेप पापडासारखा तडकून सुटत होता आणि शिवण पार गेली होती, कारण दोरा साधाच वापरलेला. खालच्या चिऱ्यावर काळा डाग पडला तो अजून आहे. सोफ्यावर असती तर? तळाचं कापड फाटलं नसतं कदाचित, पण झाकणातून निघालेल्या ज्वाळेने पडदे घेतलेच असते. म्हणून माझं मत असं: पिशवी ज्वाळेची दिशा थोडी आवरते आणि उडणारे तुकडे अडवते. धूर अडवत नाही, उष्णता फारशी अडवत नाही, आणि एकदाच कामाला येते. ‘स्फोटरोधक’ हा शब्द छापणाऱ्याने ती पेटवून बघितली नसावी. आता नवीन घेतलीय ती फक्त नेण्या-आणण्यासाठी.

खरा उपयोग झाला तो पेटीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पत्र्याची छोटी ट्रंक मिळाली, साडेसहाशेला. तळाला घरातली उरलेली फरशी कापून बसवली, मधे फरशीचेच उभे तुकडे ठेवून खण केले, म्हणजे एक पॅक पेटला तर शेजारचा लगेच तापत नाही. कडी लावायची नाही आणि झाकणाला रबर नको. वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर तीच पेटी बॉम्ब. काही जण सैन्यातल्या गोळ्यांच्या डब्याचा आग्रह धरतात. चांगला असतो, पण त्याच्या झाकणाचं रबर काढून मगच वापरा. पॅकच्या वर कोरड्या रेतीच्या प्लास्टिक पिशव्या ठेवल्यात. खाली आग लागली की प्लास्टिक वितळून रेती बरोबर आगीवरच पडते. गोव्यात हल्ली रेती मिळवणं हा एक स्वतंत्र छंद आहे. शेवटी शेजारच्या बांधकामावरच्या मेस्त्रीकडून एक बादली मागून आणली. किनाऱ्यावरची आणू नका. ती खारी असते, ओल धरते आणि पेटीचा पत्रा खाते.

मग पाऊस. आमच्या जूनच्या पहिल्या आठवड्याबद्दल न बोललेलं बरं. शनिवारी रात्री उरलेले दोन्ही पॅक १२.६ व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण भरले, रविवारी धो-धो. पुढचा रविवारही तसाच. तीन आठवडे भरलेले पॅक पेटीत पडून, आणि बाहेर काढले तर एक उशीसारखा फुगलेला. पूर्ण भरलेली लायपो तशीच ठेवली तर ती आतून लवकर म्हातारी होते, उकाड्यात आणखी लवकर. फुगवटा म्हणजे आत साठलेला वायू. उडवायचं नसेल तर चार्जरच्या स्टोरेज मोडने दर सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टच्या मध्ये आणून ठेवायचं. आता आमच्याकडे नियम असा, की पॅक भरायचे ते रविवारी सकाळी, आभाळ बघून. रात्री नाही. मुलगा कुरकुरतो, कारण त्याची तासभर झोप जाते.

पावसाळ्यात अंगण बंद झालं तेव्हा बाहेरचं जुनं न्हाणीघर कामाला आलं. खाली दगडी फरशी, घरापासून सुटं, भिंतीला धूर जायला झरोका, विहीर चार पावलांवर. पेटी तिथे मधोमध. ओलीचा त्रास आहेच. जुलैत चार्जर सारखा ‘बॅलन्स कनेक्शन’ची चूक दाखवायला लागला. बघितलं तर बॅलन्सच्या पांढऱ्या सॉकेटमधल्या पिना हिरव्या पडलेल्या. जुन्या टूथब्रशने घासून काढल्या, आता सिलिका जेलच्या पुड्या आत टाकते. पेटीच्या कडांना गंज धरलाय, चतुर्थीच्या आधी रंग द्यायला हवा.

चार्जरबद्दल थोडकंच. आमचा साधा, बटणांचा आहे. त्यात लायपो, लायफे, निकेल असे बॅटरीच्या प्रकारानुसार वेगवेगळे मोड असतात, आणि निकेलच्या मोडवर लायपो लावली तर ती मर्यादेबाहेर भरत जाते. म्हणून ‘स्टार्ट’ दाबण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, असं मी लावून दिलंय. वेळेची मर्यादा दोन तास, क्षमतेची २५०० एमएएच घातलीय. वीज गेली आणि आली तर तो आपणहून पुन्हा सुरू होत नाही; आमच्याकडे जेवढ्या वेळा वीज जाते ते बघता हे वरदानच.

फुगलेला पॅक कसा टाकायचा, यात माझे दोन दिवस गेले. मिठाच्या पाण्यात बुडवा, असं खूप जण सांगतात. मी करून बघितलं. टर्मिनल गंजून तुटले आणि सेलमध्ये वीज तशीच राहिली, म्हणजे आता ती बाहेर काढायचाही मार्ग नाही. तो पॅक रेतीच्या बादलीत महिनाभर न्हाणीच्या मागे होता. त्यापेक्षा स्कूटरचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब जोडून उघड्यावर शून्यापर्यंत उतरवणं, तो प्रकार सोपा. शेवटी वायरींची टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळून तो ई-कचऱ्यात दिला. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गोणीत कृपया टाकू नका, तो कचरा पुढे दाबला जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा. आमच्या दुकानदाराने प्रश्न ऐकून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पेढे परत करायला आले होते.

सध्या पेटीत एकच पॅक आहे, ११.४९ व्होल्टवर. चिरंजीवांना आता ४एस ५००० चा हवाय. ७४ वॉट-तास, म्हणजे आताच्या तिप्पट. मी माप घेतलं, पेटीच्या खणात तो तिरका ठेवला तर जेमतेम बसतो. त्याला मात्र ‘मावत नाही’ एवढंच सांगितलंय.