फिटनेस ट्रेनरचे ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्र आणि माझे ९६,७८० रुपये

हिशेब आधी मांडते, कारण ज्यांना ज्यांना मी हे प्रकरण सांगितले, त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न ‘किती गेले?’ हाच विचारला आणि आकडा ऐकल्यावर चेहऱ्यावर ‘एवढे दिलेच कसे?’ असा भाव आणला. एका खासगी संस्थेतील फिटनेस ट्रेनर अभ्यासक्रमाचे शुल्क ५५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९,९००, नोंदणीचे २,०००, ‘आंतरराष्ट्रीय परीक्षे’चे १८,५००, प्रथमोपचार प्रशिक्षणाचे ३,५००, पुस्तके व टी-शर्टचे ४,२००, प्रमाणपत्र वितरण समारंभाचे २,५०० आणि कर्जाच्या प्रोसेसिंग फीचे १,१८०, असे एकूण ९६,७८० रुपये मोजून मला जे प्रमाणपत्र मिळाले, ते पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या एचआर विभागाने दोन ओळींचा ई-मेल पाठवून नाकारले. त्या प्रमाणपत्रावर ज्या परदेशी परिषदेचे नाव आहे, तिची कोणतीही नोंद त्यांना सापडली नव्हती. नंतर मीही शोधले, मलाही सापडली नाही.

मी अडाणी नाही, हे सांगणे मला भाग आहे. मी बी.पी.एड. आहे, सातारा जिल्ह्यातील एका शाळेत घड्याळी तासिकेवर शारीरिक शिक्षण शिकवते, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला उन्हाळी व दिवाळीच्या सुट्टीत काय मिळते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी जिमकडे का वळले हे वेगळे सांगायला नको. दोन जिममध्ये विचारले, तेव्हा दोन्हीकडे ‘मॅडम, बी.पी.एड. ठीक आहे, पण सर्टिफिकेशन कुठलं आहे?’ असेच विचारले गेले. डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. जिममध्ये दुसऱ्याच्या पाठीवर वजन ठेवणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे तशी कोणतीही सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे सगळा भरवसा खासगी प्रमाणपत्रावर असतो आणि ही दुकाने नेमकी तेथेच उघडतात.

संस्थेच्या स्वागतकक्षातील भिंत बोधचिन्हांनी भरलेली होती. एका चौकटीत आयएसओ ९००१, दुसरीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे नाव आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक, आणि दोहोंच्या वर मोठ्या अक्षरांत ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’. आता मला ठाऊक आहे की उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर, एक रुपयाही न भरता, घरबसल्या होते. लोणच्याचा घरगुती उद्योग असो वा सायकलदुरुस्ती, कोणालाही ती मिळते आणि अभ्यासक्रमाच्या दर्जाशी तिचा काडीचाही संबंध नसतो. आयएसओ ९००१ हे कार्यपद्धतीच्या व्यवस्थापनाचे मानक आहे. तेथे शिकवले जाणारे शरीरशास्त्र बरोबर आहे की चूक, याची तपासणी त्यात होत नाही. ‘सरकारमान्य’ हे शब्द दिसले की कोणत्या खात्याने, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या क्रमांकाने मान्यता दिली हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

ज्या क्षणाच्या आठवणीने मला अजूनही संताप येतो, तो क्षण त्याच भिंतीपाशी घडला. नमुन्यादाखल लावलेल्या प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात क्यूआर कोड होता. ‘मॅडम, आमच्या बोलण्यावर जाऊ नका, तुम्ही स्वतः स्कॅन करून बघा,’ असे तिथला काउन्सेलर हसत म्हणाला. मी स्कॅन केले. फोनवर हिरवी खूण आली, त्याखाली एका विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र आणि ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का. त्या पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत संकेतस्थळाचा पत्ता होता, आणि त्यात परदेशी परिषदेचे नव्हे, तर याच संस्थेचे नाव होते. तो पत्ता मला दिसला होता, मी तो वाचलाही होता. भारतातील काम यांच्याकडे असल्यामुळे पान यांचे असेल, अशी समजूत मीच मनात तयार करून घेतली. ज्याने कागद छापला, त्यानेच तो खरा असल्याची साक्ष दिली आणि मी ती ग्राह्य धरली. दरवर्षी शालेय स्पर्धांच्या वेळी वय चोरून खालच्या गटात उतरणारी मुले मी पकडते. मुलाने आणलेल्या दाखल्यावर विसंबायचे नाही, शाळेचे जनरल रजिस्टर उघडायचे, हे मी नव्या शिक्षकांना शिकवते. आणि स्वतःच्या वेळी मी रजिस्टर सोडून दाखल्यालाच विचारत बसले. अर्थात, हा सापळा सावध माणसासाठीच लावलेला असतो हेही खरे. ज्याला तपासायचेच नसते, त्याच्यासाठी क्यूआर कोड कशाला छापायचा? प्रमाणपत्रावरचा कोड कधीही वापरू नका. ज्या परिषदेचे नाव आहे तिचे संकेतस्थळ स्वतः शोधून, तिच्या यादीत ती संस्था आहे का ते पाहा.

यादी कोठे पाहायची, हेही येथेच सांगते. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत या क्षेत्रासाठी स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लेझर स्किल्स कौन्सिल आहे आणि कौशल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांवर नियमन करण्यासाठी नॅशनल कौन्सिल फॉर व्होकेशनल एज्युकेशन अँड ट्रेनिंग आहे. परदेशी प्रमाणपत्र हवे असेल तर अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारख्या संस्थांची परीक्षा कशी असते ते आधी वाचावे. या कौन्सिलची परीक्षा १५० प्रश्नांची आणि तीन तासांची असते, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली होते, आणि ओळखपत्राशिवाय तिला बसता येत नाही.

आमची ‘आंतरराष्ट्रीय परीक्षा’ गूगल फॉर्मवर, आमच्याच फोनवर, वर्गातल्या चटयांवर बसून झाली. ओळखपत्र कोणी पाहिले नाही. प्रशिक्षक प्रश्न मोठ्याने वाचत होते आणि योग्य पर्याय आला की आवाज चढवत होते. निकाल त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लागला आणि सगळी तुकडी ‘ए’ श्रेणीत उत्तीर्ण झाली. यासाठी प्रत्येकी १८,५०० रुपये घेतले होते. प्रथमोपचारातील सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या उपचारासाठी) ३,५०० घेतले आणि चित्रफीत दाखवली. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कोणाच्याही मनगटाला कळत नाही, पण पुतळा संस्थेत नव्हताच. ग्राहकाचा रक्तदाब, हृदयविकार, औषधे यांची विचारपूस करणारी प्रश्नावली कशी भरून घ्यायची, गुडघ्याचे दुखणे असलेल्या बाईला कोणता व्यायाम देऊ नये, यांपैकी काहीही शिकवले गेले नाही. प्रोटीन पावडरच्या डब्यांवर किती कमिशन सुटते, यावर मात्र एक संपूर्ण तास झाला. (तो तास सगळ्यांनी फार मन लावून ऐकला, हेही नमूद करते.)

मग मी तेथेच का उठून आले नाही, असे माझ्या नवऱ्याने विचारले आणि इतरही विचारतील. कारण तोपर्यंत कर्ज होऊन गेले होते. प्रवेशाच्या दिवशी काउन्सेलरने ‘नो कॉस्ट ईएमआय आहे ताई, ५,९०० चे ११ हप्ते, केवायसी मीच करून देतो,’ असे म्हणून माझा फोन हातात घेतला, माझा सेल्फी काढला, दोन ओटीपी विचारून घेतले, आणि एका बिगरबँक वित्तसंस्थेने माझ्या नावावर मंजूर केलेले ६४,९०० रुपये थेट संस्थेच्या खात्यात गेले. मला वाटत होते की मी शुल्क हप्त्यांनी भरते आहे. प्रत्यक्षात शुल्क एकरकमी भरले गेले होते आणि मी कर्जदार झाले होते. फोन कोणाच्याही हाती देऊ नका. डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी थोडा अवधी देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, ही माहिती मला तो अवधी संपल्यावर मिळाली. चिडून हप्ते थांबवू नका. क्रेडिट स्कोअर तुमचाच बुडतो, संस्थेचा नव्हे.

पावतीचेही तेच. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा क्रमांक, १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. माझ्या पावतीवरचा क्रमांक २७ ने सुरू होत होता, पण १४ अक्षरांचा होता. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही कोणताही क्रमांक तपासता येतो. ९,९०० रुपये सरकारच्या नावाने घेतले गेले, आणि सरकारला ते कधी मिळाले असतील असे मला वाटत नाही. नोंदणीचे २,००० तर संस्थेच्या खात्यावर नव्हे, एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले गेले होते.

आता ज्यांच्याकडे मी दाद मागायला गेले, त्यांच्याविषयी. आमच्या भागातील पोलीस ठाण्याने संस्था पुण्यात असल्याचे सांगून पुण्याला जायला सांगितले. पुण्यातील ठाण्याने पैसे माझ्या गावच्या बँकेतून गेल्याचे सांगून मला माघारी पाठवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणुकीचे भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८(४) दखलपात्र आहे, हे मी कागदावर लिहून नेले होते. त्या कागदाकडे पाहून तेथील साहेबांनी ‘तुम्ही वकील आहात का?’ असे विचारले. नंतर ‘सर्टिफिकेट मिळालंय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे,’ असा निर्वाळा दिला. शेजारच्या हवालदारांनी ‘मॅडम, व्यायाम तर शिकलात ना?’ अशी भर घातली आणि सगळे हसले. त्या हसण्याने मला जितके ओशाळवाणे वाटले, तितके पैसे गेल्याचेही वाटले नव्हते.

एका मदतवाहिनीने अत्यंत नम्रपणे सांगितले की कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांच्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य, नाट्य वगळलेले आहे. म्हणजे ‘१०० टक्के नोकरी’ असे स्पर्धा परीक्षेच्या वर्गाने छापले तर ती तत्त्वे लागू, आणि जिम ट्रेनर घडवणाऱ्याने छापले तर तो खेळ! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची आणि अनुचित व्यापारी प्रथेची तरतूद तरीही लागू राहते, हे त्यांनी सांगितले नाही. ते मला एका ओळखीच्या वकीलबाईंकडून कळले. वित्तसंस्थेने ‘आमचा करार तुमच्याशी आहे, संस्थेशी तुमचे काय ते तुम्ही पाहा,’ असे कळवले. म्हणजे संस्थेला पैसे देताना दोघे भागीदार, आणि परत मागताना कोणी कोणाला ओळखत नाही. अशा तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते; मी गेले आहे. पोलिसांनी नोंद घेतली नाही, तर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टपालाची पोच मात्र जपून ठेवावी, कारण पुढे प्रत्येक जण तीच मागतो.

सर्वांत मोठे आश्चर्य ग्राहक आयोगाच्या कामासाठी धावपळ करताना वाटले. ‘शिक्षण ही सेवा नाही, तुमचे चालणार नाही,’ असे एका खिडकीवर मला ठामपणे सांगण्यात आले. विद्यापीठे आणि महाविद्यालयांच्या बाबतीत तसे निर्णय आहेत हे खरे. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांविषयी निर्णय देताना कोचिंग वर्ग कायद्याच्या कक्षेत येतात असेच म्हटले आहे. तो निकाल छापून जोडला, तेव्हा अर्ज घेतला गेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही ती दाखल करता येते, त्यामुळे पुण्याच्या खेपा माझ्यापुरत्या तरी थांबल्या.

संस्थेने दरम्यान आमच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट बंद केला आणि फलक बदलून जवळच दुसऱ्या नावाने जाहिरात सुरू केली. गट बंद होण्याआधी मी सगळे संभाषण उतरवून घेतले होते. इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून ते दाखवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

माझ्याबरोबर कराड, फलटण, वाई येथून येणारी तालमीतली पोरे होती. त्यांपैकी एकाने मला सांगितले, ‘ताई, घरी कळलं तर वडील म्हणतील, म्हैस विकून सर्टिफिकेट आणलंस, आता ते चाट.’ त्यांची लाज मी समजू शकते, कारण हे लिहिताना मलाही ती वाटतेच आहे. परंतु ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ नुसार एकाच स्वरूपाचे नुकसान झालेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आपल्या तुकडीला प्रमाणपत्रे एकाच दिवशी मिळाली, त्यामुळे ती मुदत सर्वांची जवळपास एकाच वेळी संपेल. ज्यांच्याकडे १८,५०० रुपयांच्या भरण्याचा बँकेतील उतारा आहे, त्यांनी तो काढून ठेवावा आणि माझा क्रमांक ज्यांच्याकडे आहे त्यांनी मला फोन करावा; वकीलबाईंनी एकत्रित अर्जाचा मसुदा तयार ठेवला आहे आणि त्यावर सध्या माझ्या एकटीचीच सही आहे.