आयस्लरची हॉलिवूडमधली गाणी, सीडी घेतली

जर्मन संगीतकार हान्स आयस्लरची ही सीडी घेतली, आवाज आणि पियानो एवढंच, बाकी काही नाही. माणूस शोनबर्ग या आधुनिक संगीतकाराचा शिष्य, पण बर्लिनमध्ये कामगारांसाठी मोर्चाची गाणी करत बसला, कट्टर डावा, १९३३ला हिटलर आला आणि जर्मनी सुटली. ही गाणी अमेरिकेत १९४२-४३ला लिहिली, बरीचशी जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तच्या कवितांवर.

त्यातलं छोट्या रेडिओचं गाणं मी दहादा तरी ऐकलं असेल. पळून जाताना घरातून जहाजात, जहाजातून आगगाडीत जपून नेलेला रेडिओ, कशासाठी तर शत्रूच्या बातम्या ऐकू याव्यात म्हणून! चाल इतकी साधी की अंगावर येते, आणि रडवायला लागायच्या आत गाणं संपलेलंसुद्धा असतं.

पुस्तिका मात्र भंगार, अक्षरं मुंगीएवढी आणि कवितांचं भाषांतरच नाही, मग जर्मन न येणाऱ्याने काय करायचं? कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून १९४७ला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे झालेली त्याची चौकशी एका ओळीत उरकलीये, सख्ख्या बहिणीने भावांविरुद्ध साक्ष दिली त्याचा उल्लेखच नाही. पुढे पूर्व जर्मनीचं राष्ट्रगीत यानेच केलं आणि १९५३ला तिथल्याच सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षवाल्यांनी त्याच्या फाउस्ट ऑपेराच्या संहितेवरून त्याला झोडपलं, तेही गायब.

गायक मस्त, उगाच गळा काढत नाही. साडेतीन स्टार, दीड पुस्तिकेचे कापले.